पहिली गाडी, जुनी स्प्लेंडर: आधी ब्रेक, मग इंजिन

दिवाळी झाल्यावर भाचा घरी आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "मामा, वीस हजारांत गाडी बसव की मला." लायसन्स नुकतंच हातात पडलेलं, आयटीआयला रोज जाऊन-येऊन तीस किलोमीटर, आणि एसटीच्या वेळा काही जमेनात. मी हो म्हणालो, पण एक अट घातली. गाडी कशी उभी करायची, कोणत्या क्रमाने करायची, हे मी ठरवणार. सामान तो आणणार, पाना तो धरणार.

या क्रमासाठीच हा लेख लिहितोय. जुनी गाडी घेणारा बहुतेक प्रत्येक पोरगा आधी इंजिन आणि रंगाकडे धावतो, आणि ब्रेक, चाकं, कोनसेट (हँडलची बेअरिंग) यांच्यापर्यंत येईस्तोवर पैसे संपलेले असतात. माझं म्हणणं उलटं आहे. आधी कागद, मग गाडी थांबली पाहिजे, मग ती सरळ चालली पाहिजे, मग इंजिन. दिसण्याचा नंबर सगळ्यांत शेवटी.

कोणती गाडी घ्यायची

आम्ही स्प्लेंडर घेतली, आणि पहिल्या गाडीसाठी मी दुसरं काही सुचवणार नाही. हिरो होंडाने १९८५ साली सीडी १०० आणली आणि त्याच घराण्यातली ९७.२ सीसीची स्प्लेंडर १९९४ साली आली. डिसेंबर २०१० मध्ये हिरो आणि होंडा वेगळे व्हायचं ठरलं, पण हे इंजिन काही थांबलं नाही. त्यामुळे वीस वर्षांच्या स्प्लेंडरचं ब्रेक शू किंवा क्लच वायर तालुक्याच्या ठिकाणी कुठल्याही दुकानात मिळते, आणि तिच्यावर हात न बसलेला मेकॅनिक आपल्याकडे शोधावा लागेल. सीटी १००, प्लॅटिना, पॅशन यांचंही तसं बरं आहे.

पोरांना हवी असते यामाहाची आरएक्स १००. १९९६ नंतर ती निघालीच नाही, चांगली गाडी स्वस्तात मिळत नाही आणि स्वस्तात मिळते ती चांगली नसते. शिवाय तिची ताकद आणि तिचे ड्रम ब्रेक यांचा मेळ नवशिक्याच्या हाती देण्यासारखा नाही. जुन्या बुलेटचं वेगळं. ती शिकण्याची गाडी नाही, सांभाळण्याची आहे.

बघायला जाताना

आमची गाडी कागलकडच्या एका दूधवाल्या काकांची. २००४ ची, बिनसेल्फची, अकरा हजारांना. दुधाची गाडी म्हटलं की लोक नाक मुरडतात, कारण दोन्ही बाजूंना कॅन लावून ती आयुष्यभर ओझं वाहते. पण ती रोज चाललेली असते आणि तिचं तेल बदललेलं असतं. चार वर्षं गोठ्यात पोत्याखाली उभी असलेली 'कमी चाललेली' गाडी मी कधीच घेणार नाही. तिची टाकी गंजलेली, रबरं कडक झालेली आणि टायर तडकलेले असतात.

जाण्याआधी फोनवर सांगून ठेवा, "काका, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोचल्यावर पहिल्यांदा हात लावायचा तो इंजिनाला, ते गार आहे ना ते बघायला. गरम इंजिन बरेच आजार लपवतं. मग चोक ओढून किक मारा. किक मारताना पायाला चांगला विरोध जाणवला पाहिजे. पाय लोण्यात गेल्यासारखा खाली जात असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलंय.

चालू झाल्यावर मागे जाऊन धूर बघा. सकाळच्या गारव्यात थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर ती वाफ असते. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. तो फक्त चालू करताना, किंवा उतारावर एक्सिलेटर सोडून पुन्हा दिल्यावर आला, तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेलेत, ते काम तुलनेने छोटं. पण रेस दिली की येतच राहतो असं असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेलंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ते कार्बोरेटरचं किंवा एअर फिल्टरचं दुखणं. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) बारीक टकटक चालते. क्रँककेसच्या आतून खालून येणारी जड ठकठक आली तर नमस्कार करून निघा.

आता गाडी डबल स्टँडला घ्या, मागे एकाला बसवा म्हणजे पुढचं चाक उचलेल. हँडल दोन बोटांनी डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा. मधोमध आल्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट गेलाय. चाक वरखाली धरून हलवा, टकटक लागली तर बेअरिंग. मागचा फोर्क आडवा हलवून बघा, खेळ असेल तर बुश. यातलं काहीही गाडी नाकारायचं कारण नाही, सगळं सामान मिळतं. पण प्रत्येक गोष्टीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

नाकारायचं मोठं कारण म्हणजे चेसीस, गाडीचा सांगाडा. गाडीच्या मागे लांब उभं राहून पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत आहे का बघा. हँडलखालच्या नळीजवळ, जिथे मुख्य पाइप जोडलेला असतो, तिथे रंग फुगलाय का, सुरकुतलाय का, नवीन वेल्डिंग दिसतंय का, ते बोटाने चाचपून बघा. समोरून धडकलेली गाडी तिथेच बोलते.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळ्यांत जास्त पैसे इथेच बुडतात.

एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून मालकाचं नाव, रजिस्ट्रेशनची मुदत, विमा आणि पीयूसी बघा. मग आरसीवरचा चेसीस नंबर प्रत्यक्ष गाडीवर वाचा. तो हँडलच्या नळीवर कोरलेला असतो आणि वीस वर्षांच्या चिखलाखाली नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. रॉकेलच्या फडक्याने पुसा, त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा, आकडे कागदावर उमटतात. आमच्या गाडीवर एक आकडा ३ आहे की ८ आहे हे डोळ्यांनी ठरत नव्हतं, पेन्सिलीने लगेच ठरलं. इंजिनाचा नंबरही तसाच ताडून घ्या. नंबर जुळत नसेल, घासलेला असेल, तर गाडी फुकट मिळाली तरी नको.

खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं. त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत तपासून आणि पर्यावरण कर भरून ते पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावं लागतं. दिल्लीकडचा पंधरा वर्षांचा नियम ऐकून लोक घाबरतात, पण महाराष्ट्रात पंधरा वर्षं झाली म्हणून पेट्रोलची गाडी बाद होत नाही. मुदत मात्र हवी. ती संपलेली असेल तर नूतनीकरण मूळ मालकाने करून द्यावं हे बोलणं सौद्यातच करून घ्या, कारण शुल्क, कर आणि उशिराचा भुर्दंड मिळून आकडा मोठा होतो.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर आधी तिथून फॉर्म २८ ची एनओसी. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. मालक वारलेले असतील तर फॉर्म ३१ आणि वारसांच्या सह्या. "सही केलेले कोरे फॉर्म देतो, नंतर बघा" असं कोणी म्हणालं तर थांबा. गाडी तीन हातांतून गेलेली असते आणि आरसीवरचा माणूस कुठे आहे ते कुणालाच माहीत नसतं. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट लावून घ्यावी लागते, तीही याच फेरीत उरकून टाका. थर्ड पार्टी विम्याचा दर ७५ ते १५० सीसीला २०२२ साली ७१४ रुपये अधिक जीएसटी असा ठरला होता. ही रक्कम वाचवायचा विचारसुद्धा करू नका.

एकावेळी एकच

गाडी घरी आली त्या रात्री भाच्याने सीट, टाकी, साइड पॅनेल सगळं उतरवायला घेतलं होतं. मी थांबवलं. सगळी गाडी एकदम उघडली की बोल्ट कुठला कुठे हे आठ दिवसांत विसरतं, गाडी पोत्यात जाते आणि भंगारात निघते. अशा दोन गाड्या माझ्या ओळखीत आहेत. एक काम घ्या, पुरं करा, गल्लीत एक चक्कर मारा, मग दुसरं. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो. बोल्ट चहाच्या वेगवेगळ्या कपांत.

पाने लागतात ते ८, १०, १२, १४, १७ आणि १९ चे, रिंग आणि फिक्स दोन्ही. प्लग पाना, चांगला चार पाती स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, फिलर गेज (बारीक फट मोजायची पाती), हवेचा गेज. इंजिनाच्या कव्हरचे स्क्रू वर्षानुवर्षं बसलेले असतात. सरळ फिरवायला गेलात तर डोकं गोल होतं. स्क्रू ड्रायव्हर नीट बसवून त्याच्या मागे हातोडीचे दोन ठोके द्या, मग पूर्ण वजन टाकून फिरवा. तरीही नाही हलला तर इम्पॅक्ट ड्रायव्हर आणा, चिडून जोर लावू नका.

गाडी रॉकेल आणि ब्रशने धुवायची असेल तर उघड्यावर धुवा, जवळ बिडी-काडी नको. धुतल्यावरच कळतं की तेल कुठून गळतंय.

ब्रेक आणि चाकं

हा भाग मी सावकाश सांगणार आहे, त्यामागे कारण आहे. माझी स्वतःची पहिली गाडीही जुनीच होती. शिल्लक होते ते सगळे पैसे मी बोअर, पिस्टन आणि रंगात घातले. मागच्या चाकाचं पंक्चर काढताना एका गॅरेजात चाक उतरवून बसवलं होतं, आणि टॉर्क रॉडच्या, म्हणजे मागच्या ब्रेकची प्लेट जागेवर धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या, नटाला स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून आरपार घालायची पिन) परत लावलेली नव्हती. पंधरा दिवसांत नट गळून पडला. हायवेला ब्रेक दाबला तशी ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरली, ब्रेक रॉड वाकला आणि चाक जागच्या जागी जाम झालं. मनगट मोडलं, डोकं हेल्मेटमुळे वाचलं. दोन रुपयांची पिन. तेव्हापासून कुठलीही गाडी हातात आली की मी आधी खाली वाकून ती पिन बघतो. तुम्हीही बघा. नसेल तर तार पिळून काम भागवू नका, योग्य मापाची नवी पिन घाला आणि तिची टोकं उलटी वळवा.

पुढचं चाक काढायला ब्रेक वायर आणि स्पीडोमीटरची वायर सोडवा, एक्सल काढा, चाक खाली येतं. ड्रममधून प्लेट बाहेर आली की आत काळी भुकटी दिसेल. ती तोंडाने फुंकू नका, हवाही मारू नका, जुन्या लायनिंगची, म्हणजे ब्रेक शूवरच्या घासणाऱ्या थराची, धूळ फुप्फुसात जाणं वाईट. ओल्या फडक्याने पुसून घ्या. शू काढून बघा: लायनिंग झिजून धातूला टेकायला आलंय, तेलकट झालंय किंवा काचेसारखं चकाकतंय, यातलं काहीही असेल तर जोडी बदला. ड्रमच्या आतून नख फिरवा, खोल चर असतील तर टर्नरकडे. आमचा ड्रम चांगला होता, नुसता १०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासला.

आता लोक विसरतात तो भाग. शू उघडणारा कॅम, म्हणजे प्लेटमधून आरपार गेलेला तो चपटा दांडा, गंजून घट्ट झालेला असतो. ब्रेक दाबला की लागतो पण सोडल्यावर पूर्ण सुटत नाही, आणि लोक म्हणतात नवीन शू घासतायत. कॅम ओढून काढा, बारीक पॉलिश पेपरने स्वच्छ करा, ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. जास्त ग्रीस वितळून लायनिंगवर जातं. आमच्या गाडीचा पुढचा ब्रेक नव्या शूने जितका सुधारला, त्याहून जास्त हा एक दांडा साफ केल्याने सुधारला.

चाक परत घालताना प्लेटवरची खाच फोर्कवरच्या उंचवट्यात बसलीच पाहिजे. ती बसली नाही तर पहिल्या ब्रेकला प्लेट फिरते, आणि पुढचं चाक जाम होणं मागच्यापेक्षा कितीतरी भयंकर. एक्सलचा नट पूर्ण आवळायच्या आधी ब्रेक दाबून धरा, म्हणजे शू मध्यावर येतात. मग नट आवळा. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळा खेळ ठेवा, पायाच्या ब्रेकला २० ते ३०.

चाक हातात आहे तोवर बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा. खरखर लागली तर बदला. आऱ्या एकेक करून पान्याने हलक्या वाजवा. ताणलेली आरी टणक वाजते, सैल आरी मेल्यासारखी. सैल आऱ्या आणि रिमला आऊट (फिरताना डोलणं) असेल तर ते काम चाकवाल्याकडे द्या. रिमचा आऊट काढणं ही हाताची कला आहे आणि पहिल्याच गाडीवर ती शिकायची गरज नाही.

टायरवर कडेला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. १४१५ म्हणजे २०१५ चा चौदावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसू दे, इतका जुना टायर ओल्या रस्त्यावर धरत नाही. स्प्लेंडरला पुढे-मागे २.७५-१८ माप आहे. टायरबरोबर ट्यूब आणि रिम टेपही नवीन घाला. एकटा बसणार असाल तर पुढे २५ आणि मागे २८ पीएसआय हवा ठेवा, आणि ती महिन्यातून दोनदा स्वतः मोजा.

सरळ चालणं

कोनसेट अडकत असेल तर तो नुसता आवळून काही होत नाही. वाट्यांना गोळ्यांचे खड्डे पडलेले असतात, त्यात गोळ्या परत परत बसतात. वरच्या-खालच्या वाट्या ठोकून काढून नवीन दाबून बसवाव्या लागतात. हे काम आम्ही मेकॅनिककडून करून घेतलं, पण भाच्याला शेजारी उभं केलं. आवळल्यावर हँडल स्वतःच्या वजनाने दोन्ही बाजूंना पडलं पाहिजे आणि ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे ढकलल्यावर टकटक येता कामा नये.

पुढच्या शॉकअपच्या पायपांवर तेलाची रिंग दिसत असेल तर ऑइल सील बदला. ते तेल खाली ओघळून ब्रेकच्या ड्रमपर्यंत जाऊ शकतं.

चेन-स्प्रॉकेट दुधाच्या गाडीचं म्हणजे संपलेलंच. दातांची टोकं मांजरीच्या नखासारखी वळली असतील तर पुरा सेट बदला. नुसती नवीन चेन जुन्या दातांवर टाकली तर तीही लवकर जाते. लॉकची क्लिप लावताना तिचं बंद टोक चेन पुढे पळते त्या दिशेला हवं. चाक फिरवत चेन सगळ्यांत जास्त ताणलेली लागेल ती जागा शोधा, आणि तिथे मधोमध वरखाली २० ते ३० मिलिमीटर ढील ठेवा. दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या हव्यात, नाहीतर चाक तिरकं बसतं.

आता इंजिन

पहिलं काम तेल. इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करा, खालचा ड्रेन बोल्ट सोडा, तेल जुन्या डब्यात घ्या आणि गॅरेजमध्ये नेऊन द्या, गटारात ओतू नका. आलेलं तेल उन्हात धरून बघा. चमचमणारी पूड थोडीफार चालते, बोटाला लागणारे कण चालत नाहीत. दुधाच्या चहासारखा रंग आला असेल तर पाणी गेलंय. नवीन तेल १०डब्ल्यू३०, डब्यावर जासो एमए (तेलात बुडालेल्या क्लचच्या दुचाकींसाठीच्या तेलाची खूण) लिहिलेलं. कारचं तेल घालू नका, या गाडीचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि तो घसरायला लागतो. तेल एकदम न ओतता डिपस्टिक बघत ओता. गाडी डबल स्टँडला सरळ उभी, डिपस्टिक आटे न फिरवता नुसती आत टेकवून बघायची.

या इंजिनाला कारसारखा बदलायचा कागदी ऑइल फिल्टर नसतो. उजव्या कव्हरच्या आत एक जाळी आणि क्रँकवर फिरणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो, गाळ त्याच्या भिंतीला चिकटतो. बहुतेक गाड्यांत तो कधी उघडलेलाच नसतो. आमच्यात बोटाच्या पेरभर काळं लोणी निघालं. कव्हर उघडायचं तर नवीन गॅस्केट आधी आणून ठेवा आणि जुनं खरवडताना अ‍ॅल्युमिनियमला ओरखडा पाडू नका.

प्लग काढून त्याचा रंग बघा. बिस्किटासारखा तपकिरी चांगला, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, ओला काळा आणि तेलकट म्हणजे तेल वर येतंय. टॅपेट इंजिन पूर्ण गार असतानाच, म्हणजे सकाळी, मॅग्नेटवरची टी खूण जुळवून सेट करतात. पहिल्यांदा कुणाला तरी करताना बघा. "आवाज येतोय, घट्ट कर" असं म्हणून टॅपेट घट्ट केले की आवाज बंद होतो, पण व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीत आणि जळतात.

गाडी सुरूच होत नसेल तर घाबरून दहा गोष्टी एकदम बदलू नका. प्लग काढून कॅपमध्ये घाला, त्याची बॉडी इंजिनाच्या पात्यांना टेकवा, पेट्रोलपासून लांब, आणि किक मारा. निळी ठिणगी आली तर विजेचं काम ठीक. मग कार्बोरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल येतंय का बघा. नाही आलं तर कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) किंवा टाकी. आलं तर जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी. पायलट जेटचं भोक केसाएवढं असतं, ते तारेने टोकरू नका, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब एवढंच वापरा.

टाकीचं झाकण उघडून बॅटरीचा उजेड टाका. लाल गंज दिसला तर टाकी उतरवून, कॉक काढून तोंड बंद करा, आत मूठभर छोटे नट आणि थोडं पेट्रोल घालून अर्धा तास हलवा. भाच्याचे खांदे दुखले, पण चौथ्या वेळी पेट्रोल स्वच्छ निघालं. आत टाकलेले नट मोजून टाका आणि मोजून काढा. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. म्हणून पेट्रोलची नळी आणि कॉकमधलं रबर बदलाच, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

एअर फिल्टर फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, वाळवून तेलाचा हलका हात द्या. कागदी असेल तर नवीन.

वायरिंगमध्ये एकच गोष्ट नक्की बघा: फ्यूज. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेला फ्यूज मी कितीतरी गाड्यांत काढलाय, आणि तसाच आमच्या गाडीतही निघाला. त्यामुळे वायर जळते, फ्यूज नाही. बिनसेल्फच्या जुन्या स्प्लेंडरची ठिणगी बॅटरीवर अवलंबून नसते, त्यामुळे बॅटरी मेली तरी गाडी चालू होते आणि मालक ती बदलत नाही. पण मग हॉर्न आणि इंडिकेटर मरतात, ब्रेकचा दिवाही. मागच्या ट्रकवाल्याला तुम्ही थांबताय हे कळलं पाहिजे, बॅटरी घाला.

आणि बोअर? निळा धूर सतत येत नसेल, किकला विरोध असेल, तर इंजिन उघडू नका. उघडावंच लागलं तर बोअर मोजून पुढच्या मापाचा पिस्टन घेतात, आणि कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात हे काम मायक्रोमीटर लावून करणारे हात आहेत. बोअरनंतर पहिले ५०० किलोमीटर पन्नासच्या वर नेऊ नका.

खर्च

दोन टायर ट्यूबसकट ३,४००, चेनसेट ९५०, ब्रेक शू दोन्ही ४२०, बेअरिंग ४८०, कोनसेट ४५०, बॅटरी ७५०, तेल-प्लग-फिल्टर ६५०, तिन्ही वायर ४००, रबरं आणि गॅस्केट ३००. मजुरी १,५००. एकूण ९,३००, गाडीचे अकरा हजार वेगळे, कागदांचे वेगळे. वीस हजारांचा आकडा ओलांडला, तेव्हा रंगाला एक रुपया उरला नाही. भाच्याने साइड पॅनेलला स्वतः पॉलिश मारलं.

पहिले शंभर किलोमीटर

स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात, टाचेने उतरतात. डबल स्टँडला उभी करून, इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत ते पायात बसवून घ्या. पहिली चक्कर मोकळ्या मैदानात, फक्त ब्रेक शिकायला: दोन्ही एकत्र, सावकाश दाब वाढवत. नवे शू पहिले काही दिवस कमी धरतात, ते बसेपर्यंत पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा. नवीन टायरही सुरुवातीला गुळगुळीत असतात, वळणावर गाडी झोपवू नका.

दहा किलोमीटरवर थांबून दोन्ही हबला हाताचा मागचा भाग लावा. एक जास्त गरम असेल तर ब्रेक घासतोय. पन्नासला एक्सलचे नट, टॉर्क रॉडची पिन, सायलेन्सरचे नट बघा. शंभरला चेन पुन्हा मोजा, नवी चेन ताणतेच, आणि आऱ्या पुन्हा वाजवून बघा. तीनशेला तेल पुन्हा बदला, कारण आतला जुना गाळ नव्या तेलात सुटलेला असतो. भाच्याच्या दुसऱ्या तेलाचा रंग पहिल्यापेक्षा काळा निघाला, तर तो घाबरून माझ्याकडे घेऊन आला. मी त्याला डबा उन्हात धरायला लावला. कण नव्हते. झाकण लावून तो आयटीआयला गेला.